मिनागावाची शेवटची गाडी

चित्रलेखा ओव्हाळच्या पायाला भिंगरी आहे, असं तिचा नवरा यतिन चारचौघांत हसत हसत सांगायचा. घरी मात्र तो हसत नसे. सिडनीत आल्यापासून टूनगॅबीतून गिरावीनला, गिरावीनमधून क्वेकर्स हिलला अशी घरं झाली. नोकऱ्या त्याहून जास्त झाल्या. हॉलमधला सोफा एका भिंतीला महिनाभरही टिकत नसे. यतिन रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये होता. शिफ्ट संपवून घरी यावं तर कपाट भलत्याच खोलीत. "एक दिवस मी पाय मोडून घेणार आहे तुझ्यापायी," तो म्हणायचा.

चित्रलेखाला स्वतःला कारण माहीत होतं. तिला जपानी येत होतं, उत्तम येत होतं, आणि सिडनीत तिच्या जपानीला कोणी विचारत नव्हतं.

ती पिंपरीची. लहानपणी वस्तीतल्या विहारात एकदा एक जपानी भन्ते आले होते. त्यांचं बोलणं कोणालाच कळेना, सगळे नुसते हात जोडून हसत होते. त्याच दिवशी तिने वडिलांना सांगितलं, मी ही भाषा शिकणार. आणि शिकली. पुढे चाकणच्या एका जपानी कारखान्यात दुभाषी म्हणून लागली. प्रेस शॉपच्या गोंगाटात, जपानी साहेब आणि मराठी कामगार यांच्या मधे उभं राहून तिने ती भाषा खऱ्या अर्थाने कमावली. मग पुढच्या शिक्षणासाठी सिडनीच्या युनिव्हर्सिटीत आली. यतिन तिच्या व्हिसावर आला. पीआर झालं, म्हणजे कायमचं राहायला मिळालं, मुलगी झाली, आणि जपानी मागे पडत गेलं. आता ती सेव्हन हिल्सच्या एका फ्रेट कंपनीत बसून लोकांचे कंटेनर कुठे अडकलेत ते फोनवर सांगायची.

मुलीचं नाव सुखदा. शाळेत तिला सगळे 'सुकी' म्हणत. "मराठीत सुकी म्हणजे वाळलेली," यतिन वैतागायचा. "जपानीत सुकी म्हणजे आवडणारी," चित्रलेखा म्हणायची. "निदान कोणीतरी रोज माझ्या घरात एक जपानी शब्द बोलतंय. बोलू दे."

तर ऑगस्टमध्ये, दुभाषी पुरवणाऱ्या एका एजन्सीचा तिला फोन आला. जपानहून एक रेसिंग टीम येणार होती. ईस्टर्न क्रीकच्या ट्रॅकवर टाइम अटॅक होता, म्हणजे एकट्या गाडीने एक फेरी जमेल तितक्या वेगात मारायची, शर्यत फक्त घड्याळाशी. टीमला वर्कशॉपमधलं जपानी समजणारा माणूस हवा होता. नुसतं पुस्तकी नको, एजन्सीतली बाई म्हणाली, तुला नटबोल्टचं—

"येतं," चित्रलेखा म्हणाली. बाईचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

*

टीमचं नाव मिनागावा रेसिंग. जुन्या जपानी गाड्यांचं वेड असलेल्या वेस्टर्न सिडनीतल्या पोरांना हे नाव देवासारखं होतं. ब्लॅकटाउनच्या कुठल्याही गॅरेजच्या दारावर त्याचा एखादा उन्हाने उडालेला स्टिकर सापडायचा. टीमने सेंट मेरीजमधलं टेगन नावाच्या मुलीचं गॅरेज वापरायला घेतलं होतं. गाडी चालवणारही तीच होती. टेगन दूर आतल्या डबो गावाकडची, धुळीच्या ट्रॅकवर शिकलेली, रुंद खांद्यांची, मोठ्याने हसणारी. पहिल्याच दिवशी तिने चित्रलेखाचं नाव चित्रा करून टाकलं.

गाडी फिकट हिरवी होती, चहाच्या कोवळ्या पानासारखी. मागे एवढी मोठी विंग की तिच्यावर माणूस झोपला असता. आणि त्या गाडीभोवती फिरणारा, सत्तरीला टेकलेला, काटक म्हातारा म्हणजे ओनोदेरा. तो टीमचा मुख्य मेकॅनिक. त्याला इंग्रजीतले दोनच शब्द येत होते, 'ओके' आणि 'नो ओके'.

चित्रलेखाचं काम दोघांच्या मधे उभं राहायचं. टेगन गाडी चालवून यायची, हातवारे करत सांगायची, चित्रलेखा ते जपानीत करायची, ओनोदेरा मान हलवायचा आणि गाडीखाली शिरायचा. त्याशिवाय तिला आणखी एक काम दिलं होतं. ट्रॅकलगत टीमच्या गाड्या थांबतात त्या पिटमध्ये लावायच्या फलकासाठी कंपनीचा इतिहास इंग्रजीत करायचा. जपानहून आलेला मजकूर गुळगुळीत होता, 'वेगाचं स्वप्न', 'परंपरेची ज्योत' असलं काहीबाही. ती डबा खाताना ओनोदेराला विचारायची, खरं कसं होतं? आणि तो सांगायचा.

गुन्मा प्रांतात, डोंगराच्या पायथ्याशी मिनागावा नावाचा माणूस शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा. शेतकऱ्यांची पोरं त्याच्याकडे आपल्या लहान लहान गाड्या आणायला लागली, म्हणाली, घाटात जरा पळेल अशी करून द्या. मिनागावाने कार्ब्युरेटर उघडला आणि पुन्हा कधी नांगराकडे वळला नाही. ओनोदेरा त्याच पोरांपैकी एक. गाडी न्यायला गेला आणि तिथेच राहिला. मग टर्बोचे दिवस आले. मिनागावाची इंजिनं मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकली. टीम उभी राहिली, टूरिंग कारच्या शर्यतींत उतरली, कधी जिंकली, बऱ्याचदा हरली. त्याच काळात जपानमधल्या वापरलेल्या गाड्या बोटींतून ऑस्ट्रेलियाला यायला लागल्या आणि त्यांच्यासोबत मिनागावाचं नावही आलं.

"शर्यती मधे कधी थांबल्या नाहीत?" तिने विचारलं.

ओनोदेराने डब्याचं झाकण लावलं. "थांबल्या. आमचा कुसाका नावाचा ड्रायव्हर गेला. टेस्टिंगमध्ये. सरळ रस्ता होता. काय झालं ते कळलं नाही. गाडीचे सगळे तुकडे आम्ही शेडमध्ये मांडले, एकेक बघितला. काही कळलं नाही. दोन वर्षं आम्ही पुन्हा ट्रॅक्टर दुरुस्त केले."

फलकाच्या मजकुरात कुसाका नव्हता. तो घालावा का असं तिने विचारलं, तर ओनोदेरा म्हणाला, "तागामीसान नको म्हणतील."

तागामी म्हणजे कंपनीचा आताचा माणूस. म्हातारे मिनागावा वारले, मुलाला गाड्यांत रस नव्हता, आणि सीट कव्हर, सुगंधाच्या बाटल्या असलं सामान विकणाऱ्या एका कंपनीने नावासकट सगळं घेतलं. तागामी त्यांच्याकडचा. वय पन्नाशीच्या आत, शर्ट नेहमी पांढरा, वागण्यात कमालीचा सभ्य. त्याचं इंग्रजी भाषणापुरतं होतं. सिडनीत फेरीचा नवा रेकॉर्ड करायचा, त्याचं थेट प्रक्षेपण जपानला दाखवायचं, आणि त्या लाटेवर मिनागावाच्या नावाचं नवीन सामान बाजारात आणायचं, असा बेत होता. रेसिंगच्या खात्यात आता जेमतेम तीन माणसं उरली होती.

"ही गाडी शेवटची," ओनोदेरा म्हणाला, जसं कोणी बस शेवटची आहे म्हणून सांगावं.

फ्रेट कंपनीतून रजा घेतलेल्या त्या आठवड्यांत चित्रलेखा वेगळीच झाली. सकाळी यतिनच्या आधी उठायची, डबे भरायची, एम फोर हायवेवर गाडी घालायची तेव्हा गाणं गुणगुणत असायची. घरी आली की बोलत सुटायची. "आज काय झालं माहितीय? टेगन म्हणते, शी'ज पुशिंग वाइड. आता हे जपानीत कसं सांगू? मी म्हटलं, वळणावर गाडी ड्रायव्हरचं ऐकत नाही, बाहेरच्या बाजूला रुसून जाते. म्हातारा हसला गं—हसला रे, पहिल्यांदा!"

"मला गं म्हणालीस," यतिन म्हणाला.

"काय फरक पडतो."

सोफा जागचा हलला नव्हता. यतिनने ते पाहिलं होतं, पण नजर लागेल म्हणून तो बोलला नाही.

*

शनिवारी ट्रॅकवर झुंबड होती. स्टँड भरलेले, सॉसेज भाजणाऱ्या शेगड्यांचा धूर, कोरडा वारा. सकाळच्या सेशनला टेगनने छान वेळ नोंदवली. रेकॉर्ड थोडक्यात हुकला. दुपारचं सेशन शेवटचं होतं.

शुक्रवारी सरावात विंगचा एक खांब वाकला होता. ज्या दोन खांबांवर ती विंग उभी असते त्यांना ते लोक स्टे म्हणत. सोबत आणलेला दुसरा स्टे ओनोदेराने आदल्या संध्याकाळी बसवला होता. जेवणाच्या सुट्टीत तो फडकं घेऊन विंग पुसत होता. पुसता पुसता त्याचा हात थांबला. त्याने चष्मा वर केला, वाकून पाहिलं, नख फिरवलं. मग तो तागामीला घेऊन पिटच्या मागे सामानाचा कंटेनर होता तिथे गेला.

चित्रलेखा तिथेच उभी होती. आयोजकांचा एक निरोप तिला तागामीला द्यायचा होता. ते दोघे तिच्यासमोर बोलायला लागले. दुभाष्यासमोर माणसं असंच बोलतात, खुर्चीटेबलासमोर बोलावं तसं.

"नवीन स्टेला तडा आहे," ओनोदेरा म्हणाला. "डावीकडे, वेल्डजवळ. गाडी बाहेर काढता येणार नाही."

"दुसरा आहे का?"

"हाच दुसरा."

"वेल्ड करून?"

"होईल. पण नीट तपासेपर्यंत सेशन संपेल. विंग काढून चालवता येईल, पण मग रेकॉर्ड विसरा."

तागामीने घड्याळ पाहिलं. पलीकडे पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर कंपनीची माणसं बसली होती, कॅमेरावाला वायर सोडवत होता. "एकच फेरी आहे. एक फेरी टिकेल?"

"टिकेल असं मी सांगू शकत नाही."

"टिकणार नाही, असंही सांगू शकत नाही ना?"

ओनोदेराने हातातल्या फडक्याची घडी केली.

"टेगनसानना हे सांगायची गरज नाही," तागामी शांतपणे म्हणाला. "मनात शंका असली की ड्रायव्हरचा पाय सैल पडतो, ते जास्त धोक्याचं. ओनोदेरासान, आपण आयुष्य घातलंत या नावासाठी. त्याचा शेवट नीट होऊ द्या."

ओनोदेराने मान खाली घातली. "हाय," तो म्हणाला.

जपानीतला तो 'हाय' म्हणजे प्रत्येक वेळी हो नसतो. कधी कधी त्याचा अर्थ फक्त 'ऐकलं' एवढाच असतो. चित्रलेखाला ते ठाऊक होतं. तागामीलाही ठाऊक असणार. पण त्याने तो हो असाच घेतला, आणि मग तिच्याकडे वळला.

"ओव्हाळसान, टेगनसानना सांगाल का? गाडी तयार आहे, सगळं तपासून झालं आहे."

कंटेनरपासून पिटपर्यंतचं अंतर काहीच नव्हतं. तरी चित्रलेखा ते सावकाश चालली. दुभाष्याला पहिल्या वर्गात शिकवतात, की तू त्या खोलीत नसतेस. जे बोललं गेलं ते बोलायचं. जे तुझ्यासाठी बोललं गेलं नाही ते कानावर पडलं तरी पडलं नाही. चाकणला असताना तिने साहेबांची किती गुपितं अशी गिळली होती. तिला त्याचा अभिमान होता. लोक म्हणायचे, चित्रलेखाला सांगितलं म्हणजे भिंतीला सांगितलं.

आणि गाडीतलं तिला काय कळत होतं? ओनोदेराला कळत होतं, आणि तो गप्प बसला होता. कदाचित टिकेलच. एक फेरी तर होती. हे काम नीट पार पडलं तर तागामी पुढच्या वर्षी बोलावेल, एजन्सी आणखी कामं देईल, सेव्हन हिल्सच्या त्या हेडफोनला कायमचा रामराम करता येईल. हे सगळं तिच्या मनात आलं. पण आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे ट्रॅकचं पहिलं वळण. सरळ पट्ट्यावरून गाडी डोळे मिटावेत इतक्या वेगात त्या वळणात शिरते, आणि त्या क्षणी तिला जमिनीला दाबून धरणारी वस्तू एकच असते, ती विंग.

टेगन गाडीत बसली होती, पट्टे आवळलेले, हेल्मेट मांडीवर.

"काय म्हणाले? ऑल गुड?"

"तागामी म्हणतात, गाडी तयार आहे, सगळं तपासून झालं आहे," चित्रलेखा म्हणाली. शब्दाला शब्द, एकही इकडेतिकडे नाही.

"टू ईझी." टेगनने हेल्मेट उचललं.

"टेगन."

"हं?"

"ते त्यांचं होतं. आता मी बोलतेय, माझं." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "विंगच्या डाव्या स्टेला तडा आहे. ओनोदेरांनी बघितलाय. तुला सांगायचं नाही असं ठरलंय."

टेगनने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग पट्टे सोडले, बाहेर आली आणि गाडीच्या मागे गेली. ओनोदेरा तिथे उभा होता, हातात फडकं. तागामी लगबगीने आला. "काय झालं?"

"टेगन विचारतेय, कुठे आहे," चित्रलेखा जपानीत म्हणाली. टेगनने अजून विचारलंही नव्हतं.

ओनोदेराने तागामीकडे पाहिलं, मग टेगनकडे. मग त्याने टेगनचा हात धरला, तिचा हातमोजा काढला, आणि तिचं बोट स्टेवर ठेवून हळूच खाली ओढलं. टेगनचं बोट एका जागी अडकलं. तिने पुन्हा फिरवून पाहिलं. पुन्हा तिथेच अडकलं.

"नो ओके," ओनोदेरा म्हणाला.

"नो वे, मेट," टेगन तागामीला म्हणाली. रागाने नाही, साधंच म्हणाली. हेल्मेट तिने बाकावर ठेवलं आणि दुसराही हातमोजा काढला.

तागामीने पाहुण्यांकडे जाऊन हसत हसत काहीतरी सांगितलं. कॅमेरा बंद झाला. परत आला तेव्हाही त्याचा आवाज चढलेला नव्हता. "ओव्हाळसान, आपण दमला असाल. आपलं काम संपलं आहे. आपण घरी जावं."

तिने गळ्यातला पास काढून त्याच्या हातात दिला. निघताना तिने ओनोदेराकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाठ करून विंगचे बोल्ट सोडवत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

*

"बरोबर केलंस," यतिन म्हणाला. ते दोघं मागच्या अंगणात बसले होते, चहा गार होत होता.

"तुला कसं माहीत?"

"अगं, उघड आहे."

"काही उघड नाहीये! गाडी बाहेर गेलीच नाही. स्टे तुटलाच नाही. तुटला नसता तर मी काय केलं, सांग? एका म्हाताऱ्याची शेवटची शर्यत घालवली. त्याला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं."

यतिनने थोडा विचार केला. "आमच्याकडे असंच असतं. मी सिग्नल लाल केला, ट्रेन थांबली, आणि रुळांवर काहीच नव्हतं, तर थँक्यू कोणी म्हणत नाही. लेट केली म्हणून शिव्या मिळतात. पण काही असतं तर काय, हे कळून घ्यायला परत ट्रेन सोडून बघता येत नाही ना."

सुखदा दारात उभी होती. "सो, डिड इट अ‍ॅक्चुअली ब्रेक, मम्?"

"नाही."

"देन हाऊ डू यू नो?"

चित्रलेखाने गार झालेल्या चहाचे कप उचलले आणि ती आत गेली.

पुढच्या आठवड्यात एजन्सीचा फोन आला. बाईचा सूर कोरडा होता. क्लायंटची गोष्ट बाहेर सांगितल्याची तक्रार आली आहे, तूर्तास तुझं नाव आम्ही काढतोय. चित्रलेखाने वाद घातला नाही. तक्रार खोटी नव्हती. कंपनीने तांत्रिक कारणाचं दोन ओळींचं पत्रक काढलं, आणि महिन्याभरात रेसिंग खातं बंद केलं. हिरवी गाडी क्रेटमध्ये घालून जपानला परत गेली. कुठल्या तरी मॉलमध्ये मांडायला नेली, असं ऐकू आलं.

चित्रलेखाची घालमेल पूर्वीपेक्षा वाढली. सोफा खिडकीखाली गेला, तिथून दाराजवळ आला. ऑफिसमध्ये हेडफोन लावून ती येरझाऱ्या घालायची, वायर जाईल तिथपर्यंत. शनिवारी दुपारी वारा त्या बाजूने असला की ईस्टर्न क्रीकच्या गाड्यांची घरघर क्वेकर्स हिलपर्यंत यायची. मग ती खिडक्या लावून घ्यायची आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडायची. रविवारी विहारात वंदनेला बसली तर डोळे मिटले की विंगच दिसायची, आणि तिच्या मनात ती कधी तुटायची, कधी तुटायची नाही. यतिन म्हणाला, चल, कुठेतरी जाऊ चार दिवस. ब्लू माउंटन्सला गेले. तिथेही ती दरीकडे पाहायचं सोडून पार्किंगमध्ये फेऱ्या मारत राहिली.

मग नोव्हेंबरात टेगनचा फोन आला. "चित्रा, गॅरेजवर ये. हा तुकडा बघून माझं डोकं फिरायची वेळ आलीय."

तो स्टे टेगनने ठेवून घेतला होता. ओनोदेराने जाताना स्वतःच तिच्या हातात दिला होता म्हणे. टेगनने ओळखीच्या वेल्डरकडून तो कापून घेतला होता. तडा आत खोलवर गेला होता, अर्ध्याच्याही पुढे. आतला धातू दाणेदार आणि काळपट दिसत होता.

"म्हणजे तुटला असता," चित्रलेखा म्हणाली.

"मला काय माहीत. त्यालाच विचारू. माझ्याकडे नंबर आहे, पण बोलू काय? मला ओके आणि नो ओकेच्या पुढे जाता येत नाही."

तिने व्हिडिओ कॉल लावला. खूप वेळाने ओनोदेराचा चेहरा आला, डोक्यावर गवती टोपी, मागे कांद्याच्या पातीचे वाफे. तो शेती करत होता. टेगनने कापलेला स्टे कॅमेऱ्यासमोर धरला. त्याने चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहिलं.

"अर्ध्याच्या पुढे गेलाय," तो म्हणाला. "एक फेरी टिकला असता कदाचित. कदाचित दहा. कदाचित पहिल्याच वळणावर गेला असता. मी इतकी वर्षं हेच केलं आणि मला सांगता येत नाही."

चित्रलेखाने ते इंग्रजीत केलं. टेगनने मान डोलावली. मग ओनोदेराने टोपी काढली आणि तो म्हणाला, "ओव्हाळसान, हे तुमच्यासाठी आहे. मी तुमच्यावर रागावलो होतो. थोडा अजूनही आहे. ते वाक्य माझं होतं, मी बोलायला हवं होतं. तुम्ही ते माझ्या तोंडातून काढून घेतलंत. म्हणून आभार मला मानता येत नाहीत. पण ही मुलगी समोर उभी आहे, ते बघून बरं वाटलं."

"काय म्हणाला?" टेगनने विचारलं.

"माझ्यासाठी होतं ते," चित्रलेखा म्हणाली. बाकाच्या कडेवर ती बसली. बऱ्याच दिवसांनी ती कुठेतरी बसली होती आणि तिला लगेच उठावंसं वाटत नव्हतं.

टेगनने तिला पाणी आणून दिलं. मग फोन उचलून ती स्वतःच ओनोदेराशी इंग्रजीत बोलायला लागली, जणू त्याला सगळं कळतंच आहे. कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या एका गाडीवरची ताडपत्री तिने ओढली. एक जुनं, दोन दारांचं जपानी कूपे होतं, लाल रंग जागोजागी उडालेला. "ही माझी आहे. इंजिन नीट चालत नाही. चित्रा, सांग त्याला, त्याच्याच मिनागावा साहेबाने कधीतरी हे टर्बो लावलंय, आता यानेच बघावं."

ओनोदेरा स्क्रीनजवळ आला. "बॉनेट उघडायला सांगा," तो म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी वंदना झाली की चित्रलेखा सेंट मेरीजला जायची. फोन एका स्टँडवर लावलेला असायचा. पलीकडे गुन्मातल्या शेडमध्ये म्हातारा, अलीकडे तेलाने काळे झालेले टेगनचे हात, आणि मधे चित्रलेखा. यात कंपनी नव्हती, एजन्सी नव्हती, फलक नव्हता. कधी सुखदाही यायची. ओनोदेरा तिला लाडाने 'सुकी-चान' म्हणायचा, आणि ती हसून लाजून फोनच्या मागे लपायची.

फेब्रुवारीत एका कार क्लबने ट्रॅक घेतला होता त्या दिवशी ते ती लाल गाडी ईस्टर्न क्रीकवर घेऊन गेले. स्टँड रिकामे होते, सकाळचं ऊन आताच चटके देत होतं. टेगनने दोन फेऱ्या मारल्या. ओनोदेरा फोनवर वाट पाहत होता.

"पहिल्या वळणात मागची बाजू कशी आहे?" त्याने विचारलं.

"ठीक आहे," टेगन म्हणाली. "जरा... आय डोंट नो. लाइव्हली."

चित्रलेखाने एक शब्द सांगितला. ओनोदेराला पटला नाही. तिने दुसरा सांगितला. तोही त्याने नाकारला. "चांगला लाइव्हली की वाईट लाइव्हली?" टेगनने खांदे उडवले.

ओनोदेरा वैतागला. "ओव्हाळसान, बाजूची सीट आहे ना त्या गाडीला? तुम्ही बसा. तुम्ही बघून मला सांगा."

"मी? मला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नको सांगू. तुम्हाला काय वाटलं ते सांगा." म्हाताऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा अर्धं वाक्य सलगीचं निघालं होतं. त्याच्या ते लक्षात आलं नसावं.

क्लबवाल्यांना विचारलं, त्यांनी हेल्मेट दिलं, सही घेतली. पट्टे टेगनने आवळले, इतके की चित्रलेखाला श्वास अपुरा वाटला. गाडी पिटमधून निघाली. पहिली फेरी टेगनने हळू मारली, टायर तापवायला. मग सरळ पट्टा आला आणि तिने पाय खाली दाबला. इंजिनाचा आवाज चित्रलेखाच्या बरगड्यांत शिरला. भिंत, कुंपण, पाट्या, सगळ्याची एकच रेघ झाली. वळण समोर आलं. ते इतक्या लवकर आलं की तिच्या तोंडून "अगं आई" निघालं, आणि टेगनने स्टिअरिंग डावीकडे वळवलं.

मागची बाजू हलली. चित्रलेखाला ते पाठीत कळलं, आधी माकडहाडात आणि मग खांद्यांत. गाडी क्षणभर स्वतःच्या मर्जीने बाहेर जाऊ पाहत होती, मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि ती परत आली. भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते काय होतं ते शोधेपर्यंत पुढचं वळण आलं होतं.

ती पिटमध्ये उतरली. सुखदा धावत आली, "मम्, यू स्क्रीम्ड! आय हर्ड यू!" तिला एका हाताने जवळ घेऊन चित्रलेखाने फोन उचलला.

"कसं वाटलं?" ओनोदेराने विचारलं.

ती बोलायला लागली. माकडहाडापासून सुरुवात केली. मधेच शब्द अडला तेव्हा तिने हाताने दाखवलं, मग दुसरा शब्द शोधला. टेगन बॉनेटला टेकून ऐकत उभी होती, एक अक्षर न कळता. पलीकडे ओनोदेरा डोळे मिटून ऐकत होता.

"आणि मग?" तो म्हणाला. "सुटल्यावर, परत येताना? एकदम आली की हळूहळू?"

"थांबा," चित्रलेखा म्हणाली. "तेवढं नीट लक्षात नाही. पुन्हा जाऊन येते."